गहू सोडल्यावर डोकं दुखतंय, गळल्यासारखं वाटतंय?

ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं एक प्रथिन, बंद केल्यावर पहिल्या काही दिवसांत डोकेदुखी, थकवा, चिडचिड, बद्धकोष्ठता असं काहींना होतं. घाबरू नका, पण आधी ताटाकडे बघा. बहुतेक घरांत पोळी जाते आणि तिच्या जागी पुरेसं काहीच येत नाही. नुसत्या भातावर दिवस काढला तर तंतुमय पदार्थ कमी पडतात, पोट साफ होत नाही. म्हणून पोळी बंद करायच्या दिवसापासूनच ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी पोटभर खा. सोबत उसळ, पालेभाजी आणि नेहमीपेक्षा जास्त पाणी. मधल्या वेळच्या बिस्किटांऐवजी शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू किंवा फळ जवळ ठेवा. चहा-कॉफी मात्र त्याच आठवड्यात सोडू नका, कॅफिन अचानक थांबल्यानेही डोकं दुखतं.

त्रास हटत नसेल तर लपलेला गहू शोधा. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, हे कितीतरी जणांच्या लक्षात येत नाही. गिरणीत गव्हापाठोपाठ दळलेल्या ज्वारीतही गहू मिसळतो. सीलिअ‍ॅक (ग्लुटेनमुळे आतड्यांना इजा होते तो आजार) असलेल्यांनी घरीच दळलेलं किंवा ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेलं पीठ वापरावं.

आणि सीलिअ‍ॅकची शंका असेल तर गहू सोडण्याआधी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करा. नंतर केली तर निकाल फसवा येऊ शकतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा बदल डॉक्टरांना विचारूनच करा. जुलाब, उलट्या, वजन घटणं किंवा दोन-तीन आठवड्यांनंतरही थकवा असेल तर दवाखाना गाठा.