या चुका टाळा: एएनसीच्या (गरोदरपणातल्या तपासणीच्या) रांगेपासून डिस्चार्जपर्यंत

पुण्यातलं महापालिकेचं प्रसूतिगृह असो, औंधचं जिल्हा रुग्णालय असो की वाघोलीकडचं वीस खाटांचं नर्सिंग होम, गरोदर बाई डॉक्टरांपुढे बसते ती फार तर पाच-सात मिनिटं. तारीख, वजन, बीपी, लघवी हे सगळं त्याआधी सिस्टरच्या हातून झालेलं असतं आणि डॉक्टर निर्णय घेतात ते त्याच आकड्यांवर. लेबर रूममध्ये तर तासन्‌तास तिच्याजवळ सिस्टरच असते. त्यामुळे इथे झालेली चूक पुढे सहसा कुणी पकडत नाही. प्रसूती विभागात नव्याने लागलेल्या सिस्टरांकडून ज्या चुका पुन्हा पुन्हा होतात, त्या इथे घेतल्या आहेत. त्यातल्या बहुतेक माहिती नसल्यामुळे होत नाहीत. रांग मोठी असते आणि रकाना भरायचा असतो, म्हणून होतात.

तारखेचा घोळ

“पाळी कधीची?” असं विचारलं की बऱ्याच जणी चुकलेल्या पाळीची तारीख सांगतात. इथेच चार आठवड्यांचा फरक पडतो. कार्डावर ३७ आठवडे दिसतात आणि प्रत्यक्षात ४१ भरलेले असतात, म्हणजे दिवस उलटून चालल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. प्रश्न असा विचारा: “शेवटची पाळी आली, तिचा पहिला दिवस कोणता?” आठवत नसेल तर सणावर आणा. गणपती बसले तेव्हा आली होती का, की विसर्जनानंतर? संक्रांतीच्या आधी की नंतर? आठवड्याच्या आतबाहेर तारीख हाती लागते. त्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, पण पाळी २८ दिवसांनी नियमित येत असेल तरच हे गणित जुळतं. “आठवा लागला” आणि “आठवा भरला” यांत पूर्ण महिन्याचं अंतर आहे, त्यामुळे कार्डावर महिने न लिहिता आठवडेच लिहावेत.

दुसरी चूक सोनोग्राफीच्या रिपोर्टांमुळे होते. प्रत्येक रिपोर्टवर प्रसूतीची नवी तारीख छापून येते आणि ती इमानेइतबारे कार्डावर उतरवली जाते. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून डॉक्टरांनी तारीख एकदा पक्की केली की ती शेवटपर्यंत तीच राहते. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीची तारीख बाळाच्या आकारावरून काढलेली असते. बाळ वाढीत मागे पडलेलं असेल तर ती तारीख आपोआप पुढे सरकते आणि मूळ दुखणं झाकलं जातं. पक्की तारीख कार्डाच्या दर्शनी पानावर एकाच ठिकाणी लिहा आणि चौकोन करून ठेवा.

बीपी: सगळ्यात जास्त चुका इथेच

बाई पीएमपीच्या बसमधून उतरून दोन जिने चढून आली आहे, तासभर रांगेत उभी आहे, लघवीला लागली आहे, आणि तशीच स्टुलावर बसवून ब्लाउजच्या बाहीवरून कफ बांधला जातो. हा आकडा कसल्याच कामाचा नाही. कामाचा क्रमच असा लावा: आधी लघवीचा नमुना, मग वजन, मग पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत पाच मिनिटं शांत बसणं आणि शेवटी बीपी. पाय जमिनीवर टेकलेले हवेत, मांडीवर मांडी नको, बोलणं नको. दंड उघडा असावा आणि हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. हात खाली लोंबत असेल तर आकडा खोटा वाढतो. डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हाताचं बीपी घेतलं तर खोटा उतरतो, आणि ही दुसरी चूक जास्त घातक.

कफही पाहा. आतल्या फुग्याने दंडाचा सुमारे ८० टक्के घेर व्यापायला हवा. दंड ३३ सेंमीपेक्षा जाड असेल तर मोठा कफ लागतो, कारण लहान कफ आकडा वाढवून दाखवतो. हाताने घेताना पारा किंवा काटा सेकंदाला २ मिमी या वेगाने उतरवा. खालचा आकडा आवाज पूर्ण थांबतो तिथला धरायचा. डिजिटल मशीन चालेल, पण प्री-एक्लॅम्प्सियामध्ये (गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर आजार) काही मशीन आकडा कमी दाखवतात. म्हणून मशीन गरोदरपणासाठी पारखलेलं हवं, आणि शंका असेल तेव्हा हातानेच घ्यावं.

रजिस्टरचं एखादं पान उघडून पाहा: ११०/७०, १२०/८०, ११०/७०, १२०/८०. चाळीस बायकांचं बीपी असं गोल आकड्यांत येणं शक्यच नाही. १३८/८८ ला “१३०/८०” लिहून टाकलं की पुढच्या भेटीतली वाढ अचानक झाल्यासारखी वाटते. जे दिसलं तेच लिहा आणि लिहिताना मागच्या भेटीचा आकडा वाचा. हे वाचणंच बहुतेक ठिकाणी राहून जातं.

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० असेल तर विश्रांती देऊन पुन्हा घ्या आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरी सोडू नका. १६०/११० असेल तर १५ मिनिटांच्या आत पुन्हा मोजायचं, पण डॉक्टरांना फोन पहिल्याच आकड्याला गेला पाहिजे. याच बायका बरेचदा “पित्त झालंय” म्हणून येतात. डोकं चढलंय, मळमळतंय, छातीखाली उजवीकडे दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. विसाव्या आठवड्यानंतर अशी तक्रार आली तर पित्ताची गोळी हातावर ठेवण्याआधी बीपी आणि लघवी बघितलीच पाहिजे.

लघवीची पट्टी साधी दिसते, तरी तिच्यातही गोम आहे. डबीवर दिलेल्या वेळेलाच रंग वाचायचा, दहा मिनिटांनी परत येऊन नाही. झाकण उघडं राहिलं तर पावसाळ्याच्या दमटपणात पट्ट्या लवकर खराब होतात. अंगावरून पांढरं जात असेल तर प्रोटीन खोटंच जास्त दिसू शकतं, म्हणून मधल्या धारेचा नमुना घ्यायला बाईला नीट समजावून सांगा.

“गोळ्या घेता ना?”

या प्रश्नाला “हो” हेच उत्तर येतं, कारण प्रश्नातच ते भरलेलं आहे. “मागच्या वेळी दिलेल्यातल्या किती उरल्या?” आणि “संडास काळी होते का?” असं विचारा. लोहाची गोळी पोटात जात असेल तर रंग बदलतोच.

सरकारी लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी पण ७ किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज दोन. ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर भागवायचं नाही, मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. महिनाभर गोळ्या नीट घेऊन साधारण १ ग्रॅम तरी वाढ दिसायला हवी. नाही दिसली तर पुढची पट्टी देऊन वाटेला लावू नका. एक तर गोळ्या पोटात जात नाहीत, किंवा कारण वेगळं आहे.

वाढ न होण्याचं नेहमीचं कारण मात्र आपणच हातात देतो: लोह आणि कॅल्शियम एकाच कागदी पिशवीत. दोन्ही एकत्र घेतल्या की लोह नीट शोषलंच जात नाही. वेळापत्रक तोंडी न सांगता पिशवीवर लिहून द्या: कॅल्शियम ५०० मिग्रॅ दुपारच्या जेवणाबरोबर एक आणि रात्रीच्या जेवणाबरोबर एक, लोह झोपताना, म्हणजे आठला जेवण झालं असेल तर साडेदहाला. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा नाही. मळमळ होते म्हणून गोळी बंद करणाऱ्यांसाठीही झोपतानाची वेळ बरी पडते. “बाळ काळं होतं”, “बाळ मोठं होतं आणि सिझर करावं लागतं” या समजुती सासूबाईंकडून आलेल्या असतील तर सासूबाईंनाही आत बोलवा. एकट्या सुनेला समजावून काही उपयोग होत नाही.

साखरेच्या चाचणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज मोजूनच घ्यायचं, चमच्यांच्या अंदाजाने नाही. ते ३०० मिली पाण्यात विरघळवून ५ ते १० मिनिटांत प्यायला द्यायचं आणि दोन तासांनी रक्त घ्यायचं. मधल्या वेळात चहा-बिस्किट चालत नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. यासाठी उपाशी येण्याची गरज नाही, हे आधीच सांगितलं तर बाईची दमछाक वाचते. १४० किंवा जास्त आलं की डॉक्टरांकडे. पहिल्या भेटीत चाचणी नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा करायचीच.

“बाळ फिरतंय ना?” हाही गोळ्यांसारखाच प्रश्न. २८ आठवड्यांनंतर जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडून दोन तासांत दहा हालचाली मोजायला शिकवा. दिवस भरत आले की बाळ कमी फिरतं, हे खोटं आहे. कमी वाटलं की त्याच दिवशी यायचं, उद्या नाही. डॉपलर (बाळाचे ठोके ऐकण्याचं यंत्र) लावल्यावर आईची नाडीही बोटाने धरा. दोन्ही आकडे सारखे असतील तर तुम्ही बहुधा आईचेच ठोके ऐकताय.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे डोहाळजेवण झालं की पुण्यातली बाई सोलापूर नाहीतर साताऱ्याला निघते आणि कागद इथल्या कपाटात राहतात. बाळंतपण कुठे होणार, हे सातव्या महिन्याच्या भेटीतच विचारून ठेवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ आठवड्यांचं अँटी-डी इंजेक्शन जाण्यापूर्वी झालं का, याची तारीख कार्डावर हवी.

लेबर रूम

पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते याचा आलेख, प्रसूती झाल्यावर बसून भरला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. असा आलेख छान सरळ येतो आणि कुणाच्याच कामाचा नसतो. गर्भाशयाचं तोंड ४ सेंमी उघडल्यापासून सुरू होणारा असो की ५ सेंमीचा नवा, तो खाटेशीच भरायचा. बाळाचे ठोके कळ ओसरल्यावर लगेच, पूर्ण एक मिनिट मोजा: पहिल्या टप्प्यात किमान दर अर्ध्या तासाने, बाई जोर करू लागली की दर पाच मिनिटांनी. पोटावर दाब देऊन बाळ खाली ढकलणं आणि कळा वाढाव्यात म्हणून प्रसूतीआधी ऑक्सिटोसिन कमरेत देणं, या दोन्ही गोष्टींनी गर्भाशय फाटू शकतं. “आमच्याकडे असंच करतात” हे त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

तेच ऑक्सिटोसिन बाळ बाहेर आल्यावर मात्र मिनिटभरात हवं: पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून १० युनिट, स्नायूत. ते आधीच भरून ठेवा. अँप्युल फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायच्या, फ्रीझरमध्ये नाही. एप्रिल-मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा ट्रेमध्ये आठवडाभर पडलेल्या अँप्युलचा भरवसा धरता येत नाही. गर्भाशय आकसलं नाही तर डोस वाढवण्याची घाई होते, पण औषध कुठे ठेवलेलं होतं हेही बघा.

रक्त किती गेलं, हे डोळ्यांनी ठरवू नका. मोजणीच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा ड्रेप (रक्त गोळा करायला कमरेखाली घालायची चादर) बेळगावात झालेल्या कामातून पुढे आला. त्याच्याशी पडताळल्यावर नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला होता. ड्रेप बाळ बाहेर आल्यावर लगेच कमरेखाली सरकवा, आधी घातला तर पोटातलं पाणीही मोजलं जातं. ड्रेप नसेल तर भिजलेले पॅड तोला, कोऱ्या पॅडचं वजन वजा करा, १ ग्रॅम म्हणजे अंदाजे १ मिली. तरुण बाईचं बीपी बराच वेळ टिकून राहतं, नाडी आधी बोलते. बीपी ११०/७० आणि नाडी १०८ असेल तर “बीपी नॉर्मल” म्हणून स्वस्थ बसू नका. रक्तस्राव जास्त आहे असं दिसताच मालिश, ऑक्सिटोसिन, सलाइन, डॉक्टरांच्या आदेशाने रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत, आणि जखम कुठे आहे का हे बघणं, हे सगळं एकदमच सुरू व्हावं. एक करून पंधरा मिनिटं वाट बघायची, मग दुसरं, यातच वेळ हातचा जातो. गर्भाशय बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलेलं लागलं तर आधी लघवी करवा. मूत्राशय भरलेलं असेल तर गर्भाशय आकसत नाही.

पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, गर्भाशय आणि रक्तस्राव बघायचा. खाट हवी म्हणून तासाभरात वॉर्डात हलवलेल्या बाईचं हे बघणं तिथे कुणाकडे आहे, ते नाव घेऊन सांगा.

बीपी वाढल्यामुळे येणाऱ्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट देताना गोंधळ होतो तो ग्रॅम आणि मिलीचा. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या अँप्युलमध्ये १ ग्रॅम असतो. प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम म्हणजे प्रत्येकी पाच अँप्युल, १० मिली. हेच औषध शिरेतून देताना २० टक्क्यांपर्यंत पातळ करावं लागतं: ४ अँप्युलमध्ये १२ मिली सलाइन. पुढच्या प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी: गुडघ्याला टिचकी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे का, लघवी तासाला किमान ३० मिली होते का. यातलं एकही कमी पडलं तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलवा. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची अँप्युल त्याच ट्रेमध्ये हवी. १०८ च्या रुग्णवाहिकेने ससून रुग्णालयात पाठवताना पहिला डोस किती आणि किती वाजता दिला हे चिठ्ठीवर ठळक लिहा, नाहीतर तिथे तो पुन्हा दिला जाऊ शकतो.

घरी जाताना

डिस्चार्जच्या दिवशी बाळाकडे सगळ्यांचं लक्ष असतं: मध आणि घुटी चाटवू नका, अंगावरचं दूध पाजा, लसीची तारीख. हे बरोबरच आहे, पण बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वात वर जातं, आणि तोवर बाई घरी शेकशेगडीत असते. डोकं दुखलं तर “वारं लागलं” म्हणून कानाला फडकं बांधलं जातं. बीपी वाढलेलं होतं अशा प्रत्येकीला तिसऱ्या दिवशी आणि पुन्हा सातव्या ते दहाव्या दिवशी मोजायला बोलवा. सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही असा नियम असेल तर आशाताईंना फोन करून घरी मोजायची सोय लावा, आणि ती तारीख बाळाच्या लसीच्या रकान्याशेजारीच लिहा, कारण ते पान घरात नक्की उघडलं जातं.