पहार लांब घेऊन भागत नाही: तरफ वापरताना या चुका टाळा

जड वस्तू हलेना की पहिली आरोळी ठरलेली: "लांब पहार आणा!" टेकू कुठे आहे, कशाचा आहे, किती रुंद आहे, हे वाकून कुणी बघत नाही. तरफेचा सगळा हिशोब मात्र तिथेच ठरतो.

दीड मीटरची पहार घ्या. टोक वजनाखाली, टेकू टोकापासून 10 सेंटीमीटरवर. म्हणजे भारभुजा (टेकूपासून वजनापर्यंत) 10, बलभुजा (टेकूपासून मुठीपर्यंत) 140 आणि यांत्रिक फायदा (आपला जोर किती पट होतो) 14. (पुष्कळ जण 150 भागिले 10 करून 15 सांगतात. बलभुजा टेकूपासून मोजायची, दुसऱ्या टोकापासून नाही.) आता टेकू फक्त 2 सेंटीमीटर वजनाकडे सरकवा. 142 भागिले 8, म्हणजे पावणेअठरा. टेकू न हलवता एवढाच फायदा हवा असेल तर पहार साडेसदतीस सेंटीमीटर जास्त लांब लागेल. दोन बोटे सरकवायची की लांब पहारीसाठी गावभर हिंडायचे, तुम्हीच ठरवा.

विटेचा टेकू

ही चूक जवळपास प्रत्येक वर्कशॉपमध्ये दिसते. 700 किलोचा लेथ (कातकामाचे यंत्र) हलवायचा आहे, म्हणून एक बाजू उचलून खाली पाइपचे रोलर सरकवायचे आहेत. वजन सारखे विभागले आहे असे धरले तर एका बाजूला 350 किलो. प्रत्यक्षात हेडस्टॉककडची (गिअरपेटीची) बाजू त्याहून जड असते, पण तूर्त 350 धरू. चौदाने भागले की 25 किलोचा जोर पुरेसा, एकटा माणूस सहज लावेल. जवळच पडलेली वीट टेकू म्हणून ठेवली जाते आणि काम सुरू होते.

सुरुवातीला वजन हलकेच उठते, सगळे खूश. पहार आडवी होऊन मूठ खाली जाऊ लागली की अचानक सगळे जड होते. "कुठेतरी अडकलंय" म्हणून दुसरा माणूस येतो, मग तिसरा. अडकलेले काहीच नसते. मूठ वर असताना पहार विटेच्या लेथकडच्या कडेवर टेकलेली असते. मूठ आडव्या रेषेच्या खाली गेली की तीच पहार विटेच्या दुसऱ्या कडेवर येते. वीट 10 सेंटीमीटर रुंद, त्यामुळे भारभुजा 10 ची 20 होते, बलभुजा 130 उरते आणि फायदा 14 वरून साडेसहावर येतो. जिथे 25 किलो पुरत होते तिथे 54 लागतात. साठ किलोचा माणूस पहारीला जवळजवळ लोंबकळतो.

याच वेळी विटेची कड ढासळते, कारण टेकूवर भार आणि बल या दोन्हींची बेरीज येते: 350 अधिक 54, म्हणजे 400 किलोच्या वर, तेही एका अरुंद रेषेवर. पहारीऐवजी 25 मिलिमीटरची साधी माइल्ड स्टीलची सळई घेतली असेल तर ती टेकूपाशी वाकते. 25 किलोच्या जोराला ती कशीबशी तगते, 54 ला नाही.

उपाय स्वस्त आहे. बाभळीचा किंवा तसाच कठीण लाकडाचा ठोकळा घ्यावा, त्यावर लोखंडी अँगलचा तुकडा पालथा ठेवून दोन खिळ्यांनी पक्का करावा. पहार अँगलच्या कण्यावर टेकते आणि टेकू शेवटपर्यंत जागचा हलत नाही. जमीन मातीची असेल तर ठोकळ्याखाली जाड लोखंडी पट्टी हवीच. नाहीतर टेकू जमिनीत रुततो, वजन जागेवरच राहते आणि मेहनत मातीत जाते.

एका दमात उचलायचा हट्ट

फायदा 14 असेल तर वजन 25 मिलिमीटर उठायला मूठ 35 सेंटीमीटर खाली जाते. ही किंमत द्यावीच लागते. जोर कमी लागतो, काम कमी होत नाही. नवशिक्यांना हेच सहन होत नाही. एकाच दमात चार इंच उचलायचे असतात म्हणून ते टेकू मागे ओढतात आणि मग पहार वाईट म्हणतात. 20 ते 25 मिलिमीटर उचला, लाकडी पॅकिंग (फळ्यांचे तुकडे) सारा, वजन त्यावर टेकवा, टेकू उंच करा, पुन्हा उचला. पॅकिंग लांब पट्टीने आत सारावे. हात वजनाखाली जाता कामा नये, "फक्त एक सेकंद" असला तरी.

हाच हिशोब उलटाही चालतो, आणि दवाखान्याची वाट तिथूनच सुरू होते. पॅकिंग निसटून वजन 3 सेंटीमीटर खाली आले तर मूठ 42 सेंटीमीटर वर उसळते, तीही चौदापट वेगाने. म्हणून हनुवटी पहारीच्या वाटेत नको, पहार दोन पायांच्या मध्ये नको, आणि पहारीवर बसायचे तर मुळीच नाही.

पान्ह्यावर पाइप

30 सेंटीमीटरच्या पान्ह्यावर 27 किलोचा जोर म्हणजे साधारण 80 न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचे माप). 8.8 दर्जाच्या (मजबूत पोलादाच्या) एम-12, म्हणजे 12 मिलिमीटर जाडीच्या, बोल्टला एवढे भरपूर. त्यावर पाइप चढवून लांबी 90 केली की त्याच जोरात 240 होतात. आटे झिजतात किंवा बोल्टचे डोके हातात येते. बोल्ट सोडवायला पाइप एकवेळ चालेल, आवळायला कधीच नाही. आणि जोर पान्ह्याला काटकोनात द्या. काटकोनापासून 60 अंश सरकलात तर निम्माच कामी येतो.

बाकीचे थोडक्यात.

अडकित्त्यात सुपारी टोकाशी धरून लोक अडकित्त्याला धार नाही म्हणतात. सुपारी खिळ्याजवळ सरकवा.

प्रत्येक तरफ जोर वाचवते असे उत्तरपत्रिकेत लिहू नका. चिमटा जोर वाचवत नाही, अंतर आणि नाजूकपणा देतो. आपला हातही तसाच: तळहातावर 5 किलो असताना कोपरापासून सुमारे 4 सेंटीमीटरवर जोडलेल्या स्नायूला 40 किलोच्या वर ओढावे लागते.

विहिरीवरची एकटी स्थिर कप्पी फक्त दिशा बदलते. घर्षण धरले तर 10 किलोच्या बादलीला 10 पेक्षा थोडा जास्तच जोर लागतो. फायदा हवा असेल तर कप्पी वजनाबरोबर वर-खाली जायला हवी. आणि मोजताना कप्प्या मोजू नका, वजन पेलणारे दोर मोजा.