वॉरंटीतली गाडी वर्कशॉपमध्येच अडकली तर

नवी गाडी, वॉरंटी चालू, आणि सर्व्हिस सेंटरवाले रोज म्हणतात, "पार्ट यायचाय, साहेब." अशा वेळी आवाज चढवून फार काही होत नाही. कागद हातात हवा.

गाडी सोडताना जॉब कार्डची, म्हणजे वर्कशॉप तुमची तक्रार आणि काम ज्यावर नोंदवतं त्या कागदाची, प्रत घ्याच. त्यावर तारीख, किलोमीटर आणि तक्रार तुमच्या शब्दांत असू द्या. "जनरल चेकअप" एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका. "थंड इंजिनवर दुसरा गिअर पडताना खटका बसतो" असं नेमकं लिहून घ्या. तोच दोष पुन्हा आला तर दर वेळी नवं जॉब कार्ड. "असंच ठेवून जा, बघतो" याला भुलू नका, कारण मग गाडी तिथे आलीच नव्हती असं होतं!

पार्टची ऑर्डर कधी टाकली, हे ईमेलवर विचारा आणि तोच ईमेल कंपनीच्या ग्राहक सेवेलाही पाठवा. फोनवर बोलणं झालं तरी नंतर दोन ओळी लिहून टाका. तोवर वापरायला दुसरी गाडी किंवा वॉरंटी वाढवून मागायला लाजू नका. हक्क नसला तरी मागणाऱ्याला कधीकधी मिळते.

तरीही हललं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दावा करता येतो, पण दाव्याचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत.