सी भाषेतला फासा आणि ‘रँड’ फंक्शन

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी मी सी भाषेत सापशिडीचा खेळ लिहायला घेतला, तेव्हा रँडम, म्हणजे कोणतीही अनपेक्षित, संख्या देण्यासाठी असलेल्या ‘रँड’ या फंक्शनने दिलेल्या संख्येला ६ ने भागून उरलेल्या बाकीत १ मिळवला की फाशाचे दान मिळते, एवढेच मला ठाऊक होते. प्रोग्राम चालवल्यावर २, ५, ४, २, ६ अशी दाने पडली. पुन्हा चालवला, तरी तीच दाने त्याच क्रमाने पडली. लिनक्सवर जीसीसी या कम्पायलरने (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या साधनाने) कम्पाइल केलेला असा प्रोग्राम आजही सहसा याच दानांनी सुरू होतो.

कम्पायलर बिघडला असावा, अशी माझी समजूत झाली होती. प्रत्यक्षात ‘रँड’ निव्वळ गणित करते. सी भाषेच्या प्रमाणग्रंथात त्याचा एक नमुना दिला आहे: हाताशी असलेल्या संख्येला ११०३५१५२४५ ने गुणायचे, त्यात १२३४५ मिळवायचे, आलेली संख्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायची आणि तिला ६५५३६ ने भागून मिळालेल्या भागाकाराची ३२७६८ ने भागल्यावर उरणारी बाकी उत्तर म्हणून द्यायची. ग्रंथालयांची, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचांची (लायब्ररींची), सूत्रे वेगवेगळी असतात, पण सुरुवातीची संख्या, म्हणजे सीड, तीच असेल तर पुढची संपूर्ण मालिकाही तीच येते, आणि आपण ‘एसरँड’ वापरून सीड दिला नाही तर तो १ आहे असे धरले जाते.

म्हणून ‘एसरँड’ला ‘टाइम’ फंक्शनची किंमत द्यायची पद्धत आहे. ही किंमत बहुतेक संगणकांवर १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांची असते. इथे माझी दुसरी चूक झाली. मी ‘एसरँड’ची ओळ फासा टाकणाऱ्या फंक्शनमध्येच लिहिली, त्यामुळे एका सेकंदात लूप कितीही वेळा फिरला तरी प्रत्येक वेळी तोच सीड नव्याने बसत होता आणि दोन्ही खेळाडूंना एकच दान मिळत होते. ही ओळ ‘मेन’ या मुख्य फंक्शनच्या सुरुवातीला, एकदाच लिहावी. नवशिक्यांचे प्रोग्राम तपासताना मला हीच चूक सर्वाधिक वेळा आढळते.

बाकी काढण्याच्या युक्तीकडे मात्र माझे लक्ष फार उशिरा गेले. ‘रँड’ची कमाल मर्यादा किमान ३२७६७ असलीच पाहिजे, एवढीच प्रमाणग्रंथाची अट आहे. लिनक्सच्या नेहमीच्या ग्रंथालयात ती २१४७४८३६४७ आहे, तर मायक्रोसॉफ्टच्या ग्रंथालयात नेमकी ३२७६७. आता समजा, विंडोजवर ० ते १९९९९ मधील एक क्रमांक निवडायचा आहे. ‘रँड’ ० ते ३२७६७ अशा एकूण ३२७६८ वेगवेगळ्या संख्या देऊ शकते, त्यामुळे त्यांना २०००० ने भागल्यावर ० ते १२७६७ या बाक्या दोनदा येतात आणि उरलेल्या एकदाच. म्हणजे पहिल्या गटातील प्रत्येक क्रमांक निवडला जाण्याची शक्यता दुप्पट होते. निवड खऱ्या माणसांची असेल तर हा सरळ अन्याय आहे. फाशाच्या बाबतीत १ आणि २ ही दाने ५४६२ प्रकारे, तर इतर ५४६१ प्रकारे येतात, त्यामुळे तिथे फरक जाणवत नाही. उपाय सोपा आहे: ‘रँड’ची संख्या २०००० किंवा त्याहून मोठी आली तर ती टाकून द्यावी आणि योग्य संख्या मिळेपर्यंत नवी मागावी.

चुका शोधताना मी सीड मुद्दाम ठरावीक ठेवतो, म्हणजे जी खेळी बिघडली तीच पुन्हा जशीच्या तशी पाहता येते. पहिल्या दिवशी मला दोष वाटलेला गुण इथे फार उपयोगी पडतो. परंतु पासवर्ड किंवा ओटीपीसाठी ‘रँड’ कधीही वापरू नये. ‘टाइम’वरून घेतलेला सीड दर सेकंदाला एकच असतो आणि दिवसात ८६४०० सेकंदच असतात, त्यामुळे प्रोग्राम कोणत्या दिवशी सुरू झाला हे कळले तर त्या दिवसाचे सगळे सीड तपासून पाहायला संगणकाला फारसा वेळ लागत नाही. अशा कामासाठी लिनक्सवर ‘गेटरँडम’ आणि विंडोजवर ‘बीक्रिप्टजेनरँडम’ ही फंक्शने आहेत.