वजन उतरल्यानंतर कपड्यांची घडी नव्याने बसवताना

वजन वीस-तीस किलोंनी किंवा त्याहून अधिक उतरले की कपाटही बदलावे लागते, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र ते केव्हा आणि कोणत्या क्रमाने बदलावे, याचा विचार फारसा होत नाही. काही जण वर्षभर जुनेच ढगळ कपडे पट्ट्याने आवळून वापरत राहतात, तर काही जण पहिले दहा किलो उतरल्याच्या आनंदात सगळे कपाट नवे करतात आणि तीन महिन्यांत ते कपडेही अंगावर लोंबू लागतात. वजन उतरत असतानाचा काळ आणि ते स्थिरावल्यानंतरचा काळ यांसाठी कपड्यांचे दोन वेगळे हिशेब मांडावेत, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही वेळा कपडे घ्यायचे ते आज असलेल्या शरीराच्या मापाने; काल असलेल्या किंवा पुढे होईल अशी आशा असलेल्या शरीराच्या मापाने नव्हे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. आहार, व्यायाम, औषधे किंवा शस्त्रक्रिया यांपैकी काहीही नसताना सहा ते बारा महिन्यांत वजन आपोआप 5 टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर कपड्यांचा विचार बाजूला ठेवून प्रथम डॉक्टरांकडे जावे.

वजन उतरत असताना

वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया केलेल्यांचे बहुतांश वजन पहिल्या 12 ते 18 महिन्यांत उतरते. आहार आणि व्यायामाच्या वाटेने जाणाऱ्यांचा वेग बहुधा याहून मंद असतो आणि मध्ये वजन अडून राहिल्याचे आठवडेही येतात. या सगळ्या काळात एकाच मापाचे कपडे दोन-तीन महिन्यांपलीकडे नीट बसत नाहीत, म्हणून तेवढ्यापुरतेच, मोजके कपडे बाळगणे शहाणपणाचे ठरते. दोन पँट, चार-पाच वरचे कपडे आणि चारचौघांत जाण्यासाठी एक नेटका पोशाख एवढ्यावर बहुतेकांचे भागते. हे कपडे एकमेकांशी जुळणाऱ्या दोन-तीन रंगांतच घ्यावेत, म्हणजे थोड्या कपड्यांतून अधिक जोड्या तयार होतात.

या काळासाठी नाडी किंवा इलॅस्टिक असलेली कंबर, एकावर एक पदर घेऊन बाजूला बांधायचे ड्रेस आणि होजियरीचे ताणले जाणारे कापड उपयोगी पडते, कारण एक-दीड माप उतरले तरी असा कपडा अंगाशी जुळवून घेतो. आधीच कुणी वापरलेले, पण सुस्थितीतील कपडे घेण्यातही संकोच नसावा. चार महिन्यांसाठी कोरा, महागडा कपडा घेण्यात अर्थ नाही. मोठी दुरुस्तीही या टप्प्यावर टाळावी. एकच पँट तीनदा उसवून तीनदा शिवली की शिवणीजवळचे कापड विरते आणि मूळची ठेवण बिघडते ती बिघडतेच.

आतले कपडे मात्र या नियमाला अपवाद आहेत. ते सैल झाले की लगेच बदलावेत, कारण वरचा कपडा कितीही चांगला असला तरी आत झोळ पडलेला असेल तर तो नीट बसत नाही. ब्राच्या बाबतीत हे विशेष लक्षात घ्यावे. स्तनांचा बहुतेक भार खांद्यावरचे पट्टे नव्हे, तर छातीभोवतीचा खालचा पट्टा उचलतो आणि वजन उतरल्यावर सैल होतो तोही हाच पट्टा. कपाचे अक्षर पट्ट्याच्या मापावर अवलंबून असते. 36 बी आणि 34 सी या दोन्हींच्या कपांचे आकारमान जवळजवळ सारखेच असते. त्यामुळे पट्टा एका मापाने कमी करताना कपाचे अक्षर तेच ठेवले तर कप लहान पडू शकतो. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसणारी घ्यावी, म्हणजे इलॅस्टिक सैल होत जाईल तसे आतले हुक वापरता येतात.

पुष्कळांना या काळात पूर्वीपेक्षा अधिक थंडी वाजू लागते. त्वचेखालची चरबी शरीरातील उष्णता धरून ठेवते. ती घटली आणि खाणेही कमी झाले की अंगात पूर्वीइतकी ऊब राहत नाही. एकच जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घालणे सोयीचे पडते, कारण ते घालता-काढता येतात आणि बाहेरचा कपडा सैल असल्याचेही फारसे जाणवत नाही.

वजन स्थिरावल्यावर माप घेणे

तीन ते सहा महिने वजन एक-दोन किलोंच्या आतबाहेर राहिले, तर ते स्थिरावले असे समजून कायमच्या कपड्यांकडे वळावे. पहिले काम कपडे पाहण्याचे नव्हे, तर मापपट्टी हाती घेण्याचे आहे. छाती सर्वांत भरलेल्या जागी, कंबर सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, तर सीट सर्वांत रुंद जागी मोजावी. पट्टी जमिनीला समांतर असावी, अंगाला टेकलेली पण रुतणारी नसावी आणि पोट आत न ओढता सहज श्वास सोडून माप घ्यावे. दंड, मांडी, मान आणि दोन खांद्यांमधले अंतर हीसुद्धा मोजावीत, कारण वजन सगळीकडून सारख्या प्रमाणात उतरत नाही. एखाद्याचे पोट पुष्कळ उतरते आणि मांड्या तितक्या उतरत नाहीत. दुसऱ्याचे नेमके उलट होते. म्हणूनच पूर्वी अंगाला शोभणारा घाटच लहान मापात आणला तरी तो शोभेलच असे नाही.

लेबलवरच्या आकड्याला फार मान देऊ नये. अमेरिकेत 1939-40 मध्ये सुमारे 15,000 स्त्रियांची मापे घेतली गेली, त्यांच्या आधारे 1958 मध्ये कपड्यांच्या मापांचे एक प्रमाण जाहीर झाले आणि 1983 मध्ये ते मागेही घेतले गेले. तेच माप एका उत्पादकाकडे मध्यम तर दुसऱ्याकडे मोठे ठरते आणि तोच आकडा छापलेल्या कपड्यांचे घेर गेल्या काही दशकांत वाढत गेले आहेत. ज्यांनी मोठ्या कष्टाने वजन उतरवले आहे, त्यांनी मोठा आकडा पाहून खट्टू व्हावे किंवा लहान आकड्यासाठी आवळ कपडा घ्यावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. ऑनलाइन खरेदी करतानाही शरीराच्या नव्हे, तर प्रत्यक्ष कपड्याच्या मापांचा तक्ता दिला आहे का, हे पाहावे. नीट बसणारा एखादा शर्ट सपाट पसरून मोजावा आणि तेच अंक या तक्त्याशी ताडावेत. ही रीत मला सर्वांत भरवशाची वाटते.

काय दुरुस्त होते आणि काय होत नाही

जुन्या चांगल्या कपड्यांपैकी कोणते शिंप्याकडे न्यावेत, हा खरा कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना नजर खांद्यापासून सुरू करावी. बाही जिथे जोडली जाते ती शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. ती टोकाच्या एखाद-दीड सेंटिमीटर बाहेर असेल तर चालवून घेता येईल; दंडावर उतरत असेल तर तो कपडा सोडून देणेच बरे. खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही उसवायची, मुंढा, म्हणजे बाही बसवण्याचा काखेभोवतीचा काप, नव्याने कापायचा आणि बाही पुन्हा बसवायची. अस्तर आणि पॅड असलेल्या जॅकेटात तर हे काम इतके वाढते, की नवे जॅकेट त्याहून स्वस्त पडू शकते. शिवाय मुंढा खाली उतरलेला असेल तर बाजूच्या शिवणी आत घेऊनही उपयोग होत नाही. हात वर केला की सगळा कपडा वर ओढला जातो आणि काखेखाली झोळ राहतो.

खांदा आणि मुंढा ठीक असतील तर पुढची कामे सोपी आहेत. शर्टाच्या बाजूच्या शिवणी आत घेता येतात, पाठीला दोन टक्स घालता येतात, बाहीचा घेर आणि लांबीही कमी करता येते. कॉलरचे बटण लावल्यावर मान आणि कॉलर यांच्यात दोन बोटे सहज जावीत. चार जात असतील तर तो शर्ट वरचे बटण उघडे ठेवूनच वापरावा. आत घेतानाही अंगाच्या मापाबरोबर कपडा शिवायचा नसतो, हे शिंप्याला नव्हे तर स्वतःला बजावावे लागते. न ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या शर्टात छातीला सात-आठ सेंटिमीटर सैलपणा हवाच, अन्यथा बसल्यावर बटणांमध्ये फटी पडतात.

पँटची कंबर मागच्या मधल्या शिवणीतून साधारण चार-पाच सेंटिमीटर आत घेता येते. त्याहून अधिक घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडू लागतात आणि बाजूच्या शिवणी मागे सरकतात. कंबर आवळली तरी आसन, म्हणजे कमरेपासून दोन्ही पाय जुळतात तिथपर्यंतचा भाग, खोलच राहते. आसन लोंबत असेल तर पायांची ठेवण मुळापासून बदलावी लागते आणि ते काम बहुतेक पँटना परवडत नाही. म्हणून दोनहून अधिक मापे उतरली असतील तर पँट नवी घ्यावी. तुलनेने स्कर्ट, साधे घेरदार ड्रेस आणि कंबरेला शिवण असलेले कपडे पुष्कळ प्रमाणात लहान करता येतात. कंबर आणि सीट आधी नीट बसवून घ्यावी आणि लांबी सर्वांत शेवटी, रोजची पादत्राणे पायात घालून ठरवावी. कापून टाकण्याऐवजी शक्य तिथे आत माया, म्हणजे शिवणीलगतचे जादा कापड, ठेवून शिवायला सांगावे. पुढे दोन-तीन किलो वाढले तर ती कामी येते.

सैल त्वचा आणि कापडाची निवड

मोठ्या प्रमाणावर वजन उतरलेल्या पुष्कळांच्या पोटावर, दंडांवर, मांड्यांवर त्वचा सैल राहते आणि कपड्यांविषयीच्या सल्ल्यांत तिचा उल्लेख क्वचितच होतो. त्यात लाजण्यासारखे काहीही नाही, परंतु तिची गैरसोय खरी असते. त्वचेच्या घड्यांत घाम साचला आणि त्वचा त्वचेवर घासली की लाली, जळजळ आणि बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. त्यासाठी अंगालगतचा कपडा घाम शोषून घेणारा किंवा लवकर वाळणारा हवा, मांड्यांना घर्षण होत असेल तर आत मांडीपर्यंतची सायकलिंग शॉर्ट घालावी आणि घड्या कोरड्या ठेवाव्यात. लाली हटत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

पोटाची घडी कमरेच्या पट्टीवरून ओघळत असेल तर बेंबीच्या वर येणारी, रुंद पट्टीची, उंच कमरेची पँट तिला आत सामावून घेते आणि चालणेही सुकर करते. पातळ, चिकटून बसणारे होजियरीचे कापड प्रत्येक घडी दाखवते. थोडे वजनदार, उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले आणि दोन-तीन टक्के लायक्रा असलेले कापड अंगावरून सरळ उतरते. दंडाच्या सर्वांत रुंद जागी संपणारी बाही टाळून ती कोपराच्या जरा वर किंवा खाली संपवावी. आवळून धरणारे आतले कपडे काही तासांसाठी ठीक आहेत, पण श्वास अडखळत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा अंगावर खोल वळ उठत असतील तर ते लहान मापाचे आहेत. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी दिलेले दाबपट्टे ही वेगळी बाब असून ते त्यांच्या सांगण्याप्रमाणेच वापरावेत.

नजरेची सवय

शरीर बदलले तरी मनातली स्वतःची आकृती लगेच बदलत नाही. अनेक जण वजन उतरून वर्ष झाले तरी दुकानात जुन्याच मापाकडे हात नेतात, गडद रंगांचीच निवड करतात आणि अंगाबेताचा कपडा घातला की उघडे पडल्यासारखे त्यांना वाटते. यावर एक साधा उपाय आहे. कपडा घालून पाहताना तीन मापे सोबत घ्यावीत: जे योग्य वाटते ते, त्याहून एक लहान आणि एक मोठे. तिन्ही घालून समोरून, बाजूने आणि पाठीमागून छायाचित्रे काढावीत आणि ती दुसऱ्या दिवशी पाहावीत. आरशासमोर जुनी सवय बोलत असते. छायाचित्रात कपड्याचा झोळ किंवा ताण स्पष्ट दिसतो. रंगांचे आणि नक्षीचे प्रयोग आधी स्वस्त वस्तूंवर, म्हणजे स्कार्फ किंवा टी-शर्टवर करावेत. ज्यांना सैल कपडेच मनापासून आवडतात त्यांनी ते अवश्य घालावेत, फक्त खांदा मापात असू द्यावा. सैल घाटाचा कपडा आणि दोन मापे मोठा कपडा यांतला फरक तिथेच कळतो.

पट्टा, चपला-बूट, घड्याळ, अंगठी आणि चष्मा यांचीही फेरतपासणी करावी. पाच छिद्रांचा पट्टा मधल्या छिद्रात लागायला हवा. पावले थोडी अरुंद होऊ शकतात, तेव्हा टाच निसटत असेल तर पाऊल पुन्हा मोजून घ्यावे. सैल अंगठी हरवण्याची वाट न पाहता लहान करून घ्यावी किंवा काढून ठेवावी.

जुन्या कपड्यांचे काय करावे, याबाबत सगळे एका दिवसात देऊन टाकण्याचा सल्ला मला पटत नाही. उतरलेल्या वजनापैकी काही पुन्हा वाढणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे आणि ती घडली तर अंगावर चढेल असा एकही कपडा घरात नसणे फार क्लेशदायक असते. आजच्यापेक्षा एक माप मोठे असे चार-पाच चांगले कपडे एका पेटीत बांधून, वर तारीख लिहून ठेवावेत. त्याहून मोठे असतील ते स्वच्छ धुऊन, बटणे लावून गरजूंना द्यावेत, कारण मोठ्या मापाचे सुस्थितीतील कपडे सहजी मिळत नाहीत. पेटीतले कपडे वर्षभरात लागले नाहीत तर तेही त्याच वाटेने जाऊ द्यावेत.