गोळ्या सुरू झाल्यानंतरचा दीड महिना

तीव्र नैराश्यात वडोदऱ्यातल्या कित्येक मराठी घरांत गाडी पहिल्याच पावलाला अडते: "सुनेला करेलीबागेत नेलं तर लोक काय म्हणतील?" तिथलं मानसिक आरोग्य रुग्णालय नको वाटत असेल तर सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जा, पण जा. जाताना कागदावर लिहून न्या: झोप किती तास, पहाटे जाग कधी येते, जेवण किती घटलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत. आणखी एक, जे हमखास सांगायचं राहतं: पूर्वी कधी झोपेशिवाय चार-सहा दिवस भरमसाट उत्साह, बडबड, पैशांची उधळण झाली होती का? बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी असा अति-उत्साह येणारा आजार, असेल तर नुसती नैराश्याची गोळी उलटू शकते.

गोळीचा गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात, पुरता यायला 6 ते 8. मळमळ आणि बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. म्हणून घरचेच म्हणतात, "सोसत नाही, राहू दे." आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. एकदम सोडली की चक्कर येते, डोक्यात झिणझिण्या येतात, झोप उडते. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी गोळी चालू ठेवावी लागते.

सगळ्यात जास्त जपायचं ते या सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलांना. अंगात थोडी उभारी येते, मनातला अंधार मात्र तसाच असतो. "आज स्वतःहून उठली" म्हणून घर निर्धास्त होतं, तेव्हाच लक्ष ठेवा. सगळ्यांची औषधं कुलपात ठेवा, हातात एका वेळचाच डोस द्या. उंदराचं औषध, कीटकनाशक घरातून काढा. आणि स्पष्ट विचारा, "तुला मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास मोफत आहे. जिवाला धोका वाटला तर 108 किंवा 112 लावा. पोलीस केसच्या भीतीने डॉक्टरांपासून काही लपवू नका: 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, तिच्यावर सहसा खटला चालत नाही.

रोजचं म्हणाल तर "काय खाशील?" विचारूच नका. तेवढं ठरवणंही तिला झेपत नसतं. अर्धी वाटी मऊ खिचडी, वर तूप, हातात चमचा. नाही खाल्ली तर उचला, दोन तासांनी परत आणा. अंघोळीला "जा" म्हणण्यापेक्षा बादलीत गरम पाणी काढा, स्टुलावर टॉवेल आणि कपडे ठेवा, मग म्हणा, "चल, मी दाराबाहेर बसते." संध्याकाळी चपला पुढे ठेवून सूरसागर तलावापर्यंत. वाटेत बोललंच पाहिजे असं नाही.

"तुला काय कमी आहे?" हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला, आजीलाही, बंद करायला सांगा. अपराधीपणा हा या आजाराचाच भाग आहे, तो या वाक्याने दुप्पट होतो.

रात्रीची पाळी एकाच माणसावर टाकू नका. दीर, नणंद, मामा, जो येईल त्याच्याशी वार ठरवून घ्या.