जुन्या लेन्सने चंद्र टिपताना

घरात ४२ मिमी स्क्रू माउंटची (आट्यांवर फिरवून बसणारी) जुनी २०० मिमी लेन्स पडून असेल, तर चंद्रासाठी ती बाहेर काढाच. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याला बिनकाचेचा स्वस्त अडॅप्टर, म्हणजे लेन्स जोडायची कडी, पुरतो. निकॉनच्या डीएसएलआरवर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) मात्र अडचण येते: तिथे माउंट ते सेन्सर अंतर ४६.५ मिमी, लेन्सला हवं ४५.४६. एवढ्याशा फरकाने चंद्रावर फोकस बसतच नाही.

जुनी लेन्स कॅमेऱ्याला ओळखू येत नाही, म्हणून मेनूत लेन्सशिवाय शटर चालण्याची सोय सुरू करा, नाहीतर बटण दाबूनही बरेच कॅमेरे ढिम्म राहतात. रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर अजिबात विसंबू नका. अडॅप्टर बहुधा किंचित पातळ असतो, त्यामुळे रिंग टोकाला नेली की फोकस अनंताच्याही पुढे निसटतो. लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचं थेट चित्र) मोठा करून उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं बघत रिंग केसभर मागेपुढे करा. म्हणूनच मला पौर्णिमेपेक्षा शुद्ध अष्टमीचा चंद्र जास्त आवडतो. सावल्या लांब पडतात आणि विवरांचे काठ उठून दिसतात.

पौर्णिमेला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, छिद्र एफ/११, शटर १/१०० सेकंद. अष्टमीला एफ/८, १/५०. ट्रायपॉड आणि २ सेकंदांचा टायमर हवाच. सेन्सरवर चंद्र जेमतेम १.८ मिमीचा उमटतो, तेव्हा रॉमध्येच (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि नंतर क्रॉप करा.